वर्षाखेरीचे वाचन : बारावीच्या मराठी वर्गाचा शेवट कसा व्हावा?

(१)

उच्च माध्यमिक स्तरावरील मराठीच्या अध्यापनाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाठ्यपुस्तकापाशी सुरू होते आणि पाठ्यपुस्तकापाशीच संपते. कोणता लेखक घेतला, कोणता वगळला, ग्रामीण, दलित आणि स्त्रीलिखित साहित्याला किती पाने मिळाली, संतकवितेचा वाटा कमी झाला की काय, यांवर हिरिरीने लिहिले जाते. ते आवश्यकही आहे. मात्र नेमलेले पाठ शिकवून झाल्यावर वर्गात काय घडते, वर्षाचे अखेरचे काही आठवडे कशापायी खर्ची पडतात, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वरकरणी हा प्रश्न वेळापत्रकाचा वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तो मूलतः वाङ्मयीन संस्काराचा प्रश्न आहे. कारण बारावीच्या वर्गात बसलेल्या बहुसंख्य मुलामुलींच्या दृष्टीने मराठी साहित्याचा तो शेवटचा वर्ग असतो.

हे विधान थोडे उलगडून पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० मध्ये शाळांमधून मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा संमत केला. परंतु त्या कायद्याची कक्षा पहिली ते दहावी एवढीच आहे. अकरावीपासून पुढे मराठी हा निवडीचा विषय होतो. विज्ञान आणि वाणिज्य शाखांमध्ये मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञानासारखा विषय घेण्याची मुभा आहे, आणि गुणांचा हिशेब करणारे विद्यार्थी ती आनंदाने घेतात. म्हणजे बारावीच्या मराठीच्या वर्गात जे उरतात ते या ना त्या कारणाने मराठी न सोडलेले विद्यार्थी होत. पुढे त्यांतील काही वाणिज्य पदवीला जातात, काही परिचारिका प्रशिक्षणाला, काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, काही थेट नोकरीला. कला शाखेत राहून मराठी विशेष विषय घेणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. या अभिजात भाषेच्या साहित्याशी एका सामान्य तरुण वाचकाचा औपचारिक संबंध नेमका कोठे सुटतो, याचे उत्तर मात्र बारावीच्या जानेवारी महिन्यात शोधावे लागते.

(२)

बारावीचे शैक्षणिक वर्ष कागदोपत्री जूनमध्ये सुरू होऊन परीक्षेपर्यंत चालते. प्रत्यक्षात दिवाळीची सुटी संपली की त्याचे स्वरूप पालटते. डिसेंबरअखेर पाठ्यक्रम 'संपवायचा' असतो, जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्यानंतर मौखिक आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि मग मंडळाची लेखी परीक्षा. ही लेखी परीक्षा २०२४ मध्ये २१ फेब्रुवारीला आणि २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला सुरू झाली. दहा दिवसांचा हा फरक किरकोळ भासेल. पण तो वर्षाच्या कोणत्या भागातून वजा होतो हे वर्गात उभे राहणाऱ्यास विचारावे. तो उजळणीतून वजा होत नाही. तो नेहमी वाचनातून, चर्चेतून, एखाद्या कवितेवर रेंगाळण्याच्या तासिकेतून वजा होतो.

मग या अखेरच्या आठवड्यांत वर्गात काय होते? कृतिपत्रिकेचा आराखडा फळ्यावर मांडला जातो. आकलनाच्या कृती, अभिव्यक्ती, रसग्रहण, उपयोजित मराठी, व्याकरण असे कप्पे पाडून प्रत्येकाचे गुण सांगितले जातात. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद हवेत, हे मुले पाठ करतात. अपेक्षित प्रश्नसंच हातोहात फिरतात. 'स्वमत' या शीर्षकाखाली लिहावयाचे मतही पुष्कळदा मार्गदर्शिकेतून आलेले असते. या विरोधाभासाचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. यात शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. ऐंशीच्या वर विद्यार्थ्यांची तुकडी, तासिका तत्त्वावरील नेमणूक, निकालाच्या टक्केवारीचा तगादा, या परिस्थितीत तो जे करतो ते विद्यार्थ्यांच्या हितासाठीच करतो. प्रश्न एवढाच की, साहित्याच्या वर्गाचा निरोप घेताना विद्यार्थ्याच्या हाती शेवटी काय राहते? बहुतेक वेळा गुणविभागणीचा तक्ता राहतो.

येथे एका परक्या व्यवस्थेचा दाखला उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील उच्च माध्यमिक शाळांत 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या नावाने साहित्याचा एक प्रगत वर्ग चालतो. त्याची परीक्षा मे महिन्यात होते आणि शाळेचे वर्ष त्यानंतरही काही आठवडे चालू राहते. परीक्षा आटोपलेल्या या वर्गाचे काय करावे, हा तेथील शिक्षकांपुढचा नेहमीचा पेच असतो. कोणी मुलांना आवडीचे पुस्तक वाचू देतो, कोणी नाटक बसवतो, कोणी कवितांचे वाचन ठेवतो. तेथे परीक्षा संपते आणि वर्ग उरतो. आपल्याकडे वर्ग संपतो आणि परीक्षा उरते. हा फरक केवळ दिनदर्शिकेचा नाही. त्या परीक्षेतील एका निबंधात विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एखाद्या संपूर्ण साहित्यकृतीच्या आधारे विवेचन करावयाचे असते. तेथील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे सुचवण्याचा हेतू नाही. परंतु साहित्याच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने निदान काही पुस्तके आरंभापासून अंतापर्यंत वाचलेली असावीत, हे गृहीतक तेथे आहे आणि ते आपल्याकडे नाही, एवढे मान्य करावे लागेल.

(३)

आपल्या 'युवकभारती'ची रचना विचारपूर्वक झालेली आहे. २०१९-२० मध्ये अकरावीचे आणि २०२०-२१ मध्ये बारावीचे नवे पुस्तक आले, त्यांत साहित्यप्रकारांच्या परिचयाचा स्वतंत्र विभाग आहे. अकरावीला नाटक आणि बारावीला कथा. बारावीच्या पुस्तकात एकनाथांचे भारूड आहे, बोरकर आणि सुरेश भट आहेत, हिरा बनसोडे आणि कल्पना दुधाळ आहेत, वसंत आबाजी डहाके आहेत. निवडीची ही व्याप्ती निश्चितच स्वागतार्ह होय. कविता आणि कथा संपूर्ण देता येतात, हेही खरे. पण कादंबरी, आत्मकथन, नाटक यांसारख्या दीर्घ प्रकारांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात उतारा येतो, आणि उताऱ्याचा एक स्वभाव असतो. तो निवडला जातो तो बोधाच्या सोयीने. त्याला आरंभ दिलेला असतो, शेवटही दिलेला असतो. मात्र तो लेखकाने दिलेला नसतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हे या संदर्भात एक चांगले उदाहरण ठरेल. औंध संस्थानातील माणदेशी मुलखात, मेंढपाळांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो. कारभाऱ्याचा विश्वास संपादन करतो, पोरे शाळेत येऊ लागतात, गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. या कादंबरीतून शाळा भरू लागल्याचा किंवा तालीम बांधल्याचा भाग वेगळा काढला, तर सहकार्याचे महत्त्व सांगणारा एक उत्तम पाठ तयार होईल. त्याखाली 'या पाठातून तुम्हाला कोणता बोध मिळतो?' असा स्वाध्यायही घालता येईल. परंतु कादंबरी तेथे थांबत नाही. पुढे कारभारी जातो, दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून निघून जातात, आणि ज्या शाळेसाठी एवढा खटाटोप केला ती रिकामी होते. हा शेवट वाचला की मागील सर्व प्रसंगांचा अर्थ बदलतो. तालीम ही आता यशाची खूण राहत नाही. एका क्षणभंगुर समूहजीवनाची ती खूण होते. लेखक बोध करीत नाही, तो पाहतो आणि दाखवितो, हे ज्याने पूर्ण पुस्तक वाचले त्यालाच कळू शकते. उताऱ्यातून लेखकाची शैली शिकविता येते. त्याची जीवनदृष्टी शिकविता येत नाही, कारण ती कृतीच्या समग्र आकारात असते.

साहित्यशास्त्रात आपण कृतीच्या सेंद्रिय एकतेची चर्चा करतो, पदव्युत्तर वर्गात आकृतिबंधावर तास घेतो. ही संकल्पना ज्याच्या आधारे समजायची तो अनुभव मात्र विद्यार्थ्याने बारावीपर्यंत एकदाही घेतलेला नसतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यास कादंबरी नेमली असता तो प्रथम तिची 'नोट्स' शोधतो, अशी तक्रार आपण सर्वजण करतो. ज्याला दोन वर्षे उताऱ्यांवरच वाढविले, त्याच्याकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी?

दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध १९७० च्या दशकात आला, त्यापूर्वी शालान्त परीक्षेनंतरची वर्षे महाविद्यालयीन शिक्षणाचाच भाग होती आणि मराठीच्या वर्गात संपूर्ण पुस्तके नेमली जात. कनिष्ठ महाविद्यालय मंडळाच्या कक्षेत गेल्यावर शिक्षणाचा प्रसार झाला, खेड्यापाड्यांतील मुलांना जवळच्या गावी अकरावी-बारावी करता येऊ लागली. हा लाभ फार मोठा आहे आणि तो कमी लेखता कामा नये. पण त्या स्थित्यंतरात समग्र पुस्तक हातून निसटले, याचीही नोंद करावयास हवी.

(४)

गेली काही वर्षे कल्याणमधील कनिष्ठ महाविद्यालयाच्या कला शाखेच्या वर्गात, डिसेंबरच्या मध्यापासून पूर्वपरीक्षेपर्यंतच्या तासिकांत एक संपूर्ण पुस्तक वाचण्याचा उपक्रम प्रस्तुत लेखकाने केला आहे. पद्धत अगदी साधी आहे. पुस्तक मोठ्याने वाचावयाचे, आळीपाळीने, शिक्षकाने आणि विद्यार्थ्यांनी. एका तासिकेत दहा-बारा पाने होतात. 'बनगरवाडी'सारखी आटोपशीर कादंबरी दहा-बारा तासिकांत पुरी होते, आणि काही प्रकरणे विद्यार्थ्यांनी परस्पर वाचली तर आणखी लवकर. प्रतींचा प्रश्न मोठ्याने वाचल्यामुळे बराचसा सुटतो. कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या बाजूने लोकलने येणारी मुले, मुरबाडकडून एस. टी. ने येणाऱ्या मुली, यांच्याजवळ प्रवासाचा वेळ असतो. पुस्तकाची प्रत त्यांच्याकडे प्रथम द्यावी, असा एक अलिखित नियम वर्गानेच ठरविला.

या वर्गाची भाषिक घडण सांगितल्यावाचून पुढील अनुभवाचा अर्थ लागणार नाही. कल्याण हे १८५४ पासून लोहमार्गावरचे गाव आणि पुढे मोठे जंक्शन. येथील वर्गात आगरी बोली घरात बोलणारी मुले असतात, शहापूर-मुरबाडकडची आदिवासी मुले असतात, खानदेशातून, मराठवाड्यातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी असते. शेजारच्या उल्हासनगरातून येणाऱ्या एखाद्या मुलीची घरची भाषा सिंधी असते. पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांतील बहुतेकांना काहीशी परकी वाटते. 'बनगरवाडी'तील संवाद सुरू झाले तेव्हा वर्गात प्रथम हशा पिकला, आणि तिसऱ्या तासिकेपर्यंत तो थांबला. साताऱ्याकडच्या मूळ गावाची बोली घरात ऐकलेल्या मुलांनी संवाद वाचायला मागून घेतले. एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारी ही मुले होती.

पुस्तक संपले त्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, "मग ती माणसं गेली कुठे?" प्रश्न भाबडा वाटावा असाच होता. पण समीक्षेच्या कोणत्याही परिभाषेपेक्षा तो कृतीच्या गाभ्याशी अधिक जवळचा होता. उत्तरे वर्गातूनच आली. एकाचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आले होते. एकीच्या घरातील थोरली पिढी माण तालुक्यातून मुंबईच्या गिरणीत आणि तेथून कल्याणच्या चाळीत आली होती. दुसऱ्या एकाचे वडील आंबिवलीच्या रेयॉन कारखान्यात होते. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. 'बनगरवाडी' जेथे संपते तेथून कल्याणसारख्या गावाची गोष्ट सुरू होते, हे अशा रीतीने विद्यार्थ्यांनीच शोधून काढले. त्यावर कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावातील विद्यार्थ्याने जे सांगितले ते तर शिक्षकालाही सुचले नव्हते. त्याचे म्हणणे असे की, त्याचे गाव ओस पडले नाही, उलट ते माणसांनी आणि इमारतींनी भरून गेले. तरीही ते आता गाव राहिलेले नाही. गाव नाहीसे होण्याचे हे दोन प्रकार, रिते होऊन आणि भरून जाऊन, यांवर त्या दिवशी जी चर्चा झाली ती कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचात सापडणार नाही.

या उपक्रमामुळे मंडळाच्या परीक्षेत गुण वाढले, असा दावा करण्याजोगा पुरावा नाही आणि तसा दावा करावयाचाही नाही. ते घटले नाहीत, एवढे निकालावरून म्हणता येते. उपस्थितीच्या बाबतीत मात्र फरक स्पष्ट दिसला. डिसेंबरनंतर ओसरणारा वर्ग पुस्तक संपेपर्यंत टिकून राहिला.

(५)

या सूचनेवर येणारे आक्षेप उघड आहेत. पहिला आक्षेप वेळेचा. उजळणी सोडून वाचन कसे परवडणार? याचे उत्तर असे की, उजळणी सोडावयाचीच नाही. तिचा वाटा मर्यादित करावयाचा आहे. कृतिपत्रिकेचे स्वरूप दोन वर्षांत विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झालेले असते. अखेरच्या महिन्यात त्याच त्या कृती चौथ्यांदा सोडवून घेण्याने जो लाभ होतो त्यापेक्षा, सलग गद्य ऐकल्या-वाचल्याने अभिव्यक्तीच्या उत्तरांना होणारा लाभ कमी नसावा.

दुसरा आक्षेप असा की, मूल्यमापनात ज्याला स्थान नाही ते विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत. तो रास्त आहे. परंतु स्थान आहे. शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेचे असले तरी उरलेले २० गुण महाविद्यालयातच दिले जातात. या वीस गुणांची तोंडी परीक्षा पुष्कळदा उपचारापुरती होते, हे आपण सर्वजण जाणतो. मंडळाच्या चौकटीला धक्का न लावता तिचा काही भाग वाचलेल्या पुस्तकावरील पाच मिनिटांच्या संभाषणाला देता येईल. विद्यार्थ्याने पुस्तक खरोखर वाचले आहे किंवा नाही हे पाच मिनिटांत कळते. त्यासाठी परीक्षकाने मात्र ते वाचलेले असावे लागते.

तिसरा आक्षेप निवडीचा. सर्व वर्गांना एकच पुस्तक कसे चालेल? चालणार नाही, आणि चालू नये. मंडळाने एखादे पुस्तक राज्यभर नेमले की पुढील महिन्यात त्याची मार्गदर्शिका बाजारात येईल आणि उपक्रमाचा उद्देशच फसेल. निवड शिक्षकाने, आपल्या वर्गाकडे पाहून करावी. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६), दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५), उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) अशी कितीतरी पुस्तके या वयाच्या वाचकाला झेपणारी आणि त्याच्या जगण्याला भिडणारी आहेत. कवितासंग्रह निवडला तर संपूर्ण संग्रह वाचावा. एका कवीच्या चाळीस कविता सलग वाचणे आणि चाळीस कवींची एकेक कविता वाचणे, हे दोन वेगळे अनुभव आहेत. दुसरा अनुभव पाठ्यपुस्तक देतेच.

पुस्तके आणावयाची कोठून, हा प्रश्न निदान ठाणे-कल्याण परिसरात तरी विचारता येऊ नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी. २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इतकी समृद्ध ग्रंथपरंपरा ज्या परिसरात आहे, तेथील बारावीचा विद्यार्थी एकही संपूर्ण मराठी पुस्तक न वाचता बाहेर पडत असेल, तर उणीव पुस्तकांची नसून वर्ग आणि ग्रंथालय यांना जोडणाऱ्या दुव्याची आहे. डिसेंबर महिन्यात एका तुकडीला एका पुस्तकाच्या दहा प्रती महिनाभरासाठी मिळाव्यात, एवढी मागणी कोणत्याही जुन्या ग्रंथालयाला जड जाऊ नये.

(६)

अखेरीस, विद्यापीठीय मराठी विभागांच्या कर्तव्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण हे नियतकालिक प्रामुख्याने त्यांच्या हाती जाते. कनिष्ठ महाविद्यालय मंडळाच्या अखत्यारीत, पदवी विद्यापीठाच्या अखत्यारीत, अशी विभागणी झाल्यापासून बारावीचा मराठीचा वर्ग ही जणू कोणाचीच जबाबदारी राहिलेली नाही. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात मराठीला उच्च परीक्षांतून बाहेर पडावे लागल्याचा एक कालखंड आहे. १८६० च्या दशकात हे घडले, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केल्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम. ए. च्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. त्या लढ्यातील मुद्दा विद्यापीठात मराठी असावी की नसावी हा होता. आजचा मुद्दा वेगळा आहे. मराठी विद्यापीठात आहे. तेथवर पोहोचणारा वाचक घडतो आहे काय, हे पाहावयाचे आहे.

विभागांना तीन गोष्टी सहज करता येतील. एक, बारावीच्या वर्गासाठी योग्य अशा संपूर्ण पुस्तकांची टिपणांसह सूची करून ती दर दोन-तीन वर्षांनी सुधारावी. दोन, एम. ए. च्या विद्यार्थ्यांना डिसेंबर-जानेवारीत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयांत वाचनाच्या तासिकांना पाठवावे. त्यातून त्यांच्याही अध्यापनाची पूर्वतयारी होईल. तीन, कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या वाचनानुभवांना संशोधनाची सामग्री मानून त्यांच्या नोंदी प्रसिद्ध कराव्यात. वाचकप्रतिसादाची समीक्षा आपण परदेशी सिद्धान्तांच्या आधारे शिकवितो. त्या समीक्षेचे जिवंत साधन कल्याण-कसाऱ्याच्या लोकलमध्ये पुस्तक वाचत बसलेले असू शकते, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी.

बारावीनंतर मराठीच्या वर्गात पुन्हा कधी न बसणाऱ्या विद्यार्थ्याने साहित्याचा अभ्यासक व्हावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तो पुढे कारकून होईल, परिचारिका होईल, रिक्षा चालवील, दुकान टाकील. आपल्या भाषेत अखेरपर्यंत वाचलेले एक पुस्तक त्याच्याजवळ असावे, आणि ते कसे संपते हे त्याला ठाऊक असावे. वर्षाखेरीच्या दहा-बारा तासिकांत एवढे साधण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नव्या शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.